सूत्राआधी मोजणी: संभाव्यता आणि संख्याशास्त्राची पहिली गणितं कशी सोडवावीत

एक नाणं लागोपाठ दोनदा उडवायचं आहे. निदान एकदा तरी छापा पडेल, याची संभाव्यता किती?

दालांबेर हा अठराव्या शतकातला मोठा फ्रेंच गणितज्ञ. १७५४ साली ज्ञानकोशातल्या एका नोंदीत त्याने या गणिताचं उत्तर २/३ असायला हवं, असा युक्तिवाद केला. पहिल्याच वेळी छापा पडला तर काम झालं, पुन्हा उडवायला नको. पहिल्यांदा काटा पडला तर दुसऱ्या वेळी छापा तरी पडेल, नाहीतर काटा तरी. झाल्या तीन शक्यता. त्यातल्या दोन आपल्याला हव्या तशा, म्हणून २/३.

बरोबर उत्तर ३/४ आहे. त्याने तीन शक्यता मोजल्या आणि तिन्ही सारख्याच वजनाच्या धरल्या. पण पहिल्याच वेळी छापा पडण्याची शक्यता एकटीच १/२ आहे, उरलेल्या दोन प्रत्येकी १/४. म्हणून १/२ + १/४ = ३/४.

नव्याने शिकणाऱ्यांना मी हे उदाहरण सगळ्यांत आधी दाखवते. इथे सूत्र विसरलेलं नाही, भागाकारही चुकलेला नाही. कागदावर पहिला आकडा लिहिण्याच्या आधीच गाडी रुळावरून घसरली आहे. सुरुवातीच्या अभ्यासक्रमातली बहुतेक गणितं तिथेच बिघडताना मी पाहिली आहेत, म्हणून पुढच्या पायऱ्यांत सूत्रं कमी आहेत आणि त्यांच्याआधी करायचं काम जास्त.

पायरी १: प्रश्न आपल्या शब्दांत उतरवा

गणित वाचून झालं की लगेच सूत्र शोधायला धावू नका. आधी वहीत तीन छोट्या ओळी लिहा: प्रयोग कोणता होतोय, निवड कशातून होतेय आणि नेमकं काय विचारलंय. "दोन फासे टाकले. प्रत्येकावर १ ते ६. बेरीज ८ पेक्षा जास्त येण्याची संभाव्यता हवी." एवढंच. लिहायला अर्धा मिनिट लागतो, पण बेरीज "८ पेक्षा जास्त" म्हणजे ९ पासून पुढे, ८ त्यात नाही, हे लिहितानाच लक्षात येतं.

या विषयात साधे वाटणारे शब्दच घात करतात. "निदान दोन" म्हणजे दोन किंवा त्याहून जास्त. "जास्तीत जास्त दोन" म्हणजे शून्य, एक किंवा दोन, आणि यातलं शून्य हमखास विसरलं जातं. "नेमके दोन" म्हणजे दोनच. "किंवा" हा शब्द बोलताना आपण "हे नाहीतर ते" अशा अर्थाने वापरतो. गणितात मात्र दोन्ही एकदम झालं तरी "किंवा" खरं ठरतं. "परत ठेवून" आणि "परत न ठेवता" यांनी सगळं गणितच बदलतं. "...असल्याचं माहीत आहे" किंवा "...दिलेलं असताना" असे शब्द दिसले की त्यांच्याखाली दोन रेघा ओढा, ते पाचव्या पायरीत लागतील.

पायरी २: निष्पत्ती मांडा आणि त्या समसंभाव्य आहेत का ते बघा

प्रयोगातून जे जे घडू शकतं त्या प्रत्येकाला निष्पत्ती म्हणतात आणि सगळ्या निष्पत्तींच्या संचाला नमुना अवकाश. "अनुकूल निष्पत्ती भागिले एकूण निष्पत्ती" हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. त्यामागची अट मात्र अनेकांच्या लक्षात राहत नाही: सगळ्या निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे प्रत्येकीची शक्यता सारखीच, असल्या तरच ते चालतं. दालांबेर तिथेच अडकला.

ही अट हाताने तपासायची कशी, यासाठी गॅलिलिओने सोडवलेलं एक गणित मला फार आवडतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फासे खेळणाऱ्यांनी एक गोष्ट हेरली होती: तीन फासे टाकले तर ९ पेक्षा १० ही बेरीज किंचित जास्त वेळा पडते. कोडं असं की दोन्ही बेरजा सहा-सहा प्रकारांनीच होतात.

९ साठी: १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४, ३-३-३.
१० साठी: १-३-६, १-४-५, २-२-६, २-३-५, २-४-४, ३-३-४.

प्रकार सारखेच, मग फरक का पडावा? कागद घ्या आणि तीन फासे तीन रंगांचे आहेत असं समजा: पांढरा, लाल, काळा. आता १-२-६ किती तऱ्हांनी पडेल? पांढऱ्यावर तीनपैकी कोणताही आकडा, लालवर उरलेल्या दोनपैकी एक, काळ्यावर राहिलेला. ३ × २ × १ = ६ तऱ्हा. १-४-४ चं काय? १ कुठल्या रंगावर पडला एवढंच ठरवायचं, दोन्ही ४ आपोआप उरलेल्यांवर. म्हणजे ३ तऱ्हा. आणि ३-३-३? तिन्ही फाशांवर ३ च, तऱ्हा एकच.

आता बेरीज करा. ९ साठी ६ + ६ + ३ + ३ + ६ + १ = २५. १० साठी ६ + ६ + ३ + ६ + ३ + ३ = २७. एकूण निष्पत्ती ६ × ६ × ६ = २१६. म्हणून ९ ची संभाव्यता २५/२१६, म्हणजे सुमारे ०.११६, आणि १० ची २७/२१६, म्हणजे ०.१२५. फरक १०८ मध्ये १ इतका बारीक, तरी खेळणाऱ्यांनी तो नुसत्या अनुभवावरून पकडला होता!

यातून एक सवय लावून घ्या. गणितात एकसारख्या दिसणाऱ्या वस्तू आल्या, मग फासे असोत, नाणी असोत की गोट्या, तर मनातल्या मनात त्यांना रंग किंवा क्रमांक द्या. फासे दिसायला एकसारखे असले म्हणून त्यांच्या पडण्यात फरक पडत नाही. संभाव्यता तीच राहते, फक्त मोजणी बिनचूक होते. दोन फाशांचं गणित असेल तर ६ × ६ चा तक्ता सरळ काढून टाका. छत्तीस चौकोन काढण्यात कमीपणा नाही. वरच्या "८ पेक्षा जास्त" च्या गणितात ९ साठी ४, १० साठी ३, ११ साठी २ आणि १२ साठी १ असे दहा चौकोन भरतात. उत्तर १०/३६, म्हणजे ५/१८.

पायरी ३: गुणायचं की मिळवायचं?

शाळेत "आणि असेल तर गुणा, किंवा असेल तर मिळवा" असं शिकवतात. नियम ठीक आहे, पण अर्धाच. दोन्ही भागांना एकेक अट आहे.

मिळवताना बघा की दोन घटना एकदम घडू शकतात का. पत्त्यांच्या ५२ च्या कॅटमधून एक पत्ता काढला. तो लाल किंवा राजा असण्याची संभाव्यता? लाल पत्ते २६, राजे ४. पण बदामचा राजा आणि चौकटचा राजा दोन्हीकडे मोजले गेले. म्हणून २६ + ४ − २ = २८, उत्तर २८/५२ = ७/१३. घटना परस्पर अपवर्जी असतील, म्हणजे एक घडली की दुसरी घडूच शकत नाही अशा असतील, तरच नुसती बेरीज चालते.

गुणताना बघा की पहिल्या घटनेमुळे दुसरीची संभाव्यता बदलते का. पिशवीत ५ लाल आणि ३ निळ्या गोट्या आहेत, दोन काढायच्या, दोन्ही लाल हव्यात. पहिली परत ठेवली तर ५/८ × ५/८ = २५/६४. परत ठेवली नाही तर दुसऱ्या वेळी पिशवीत सातच गोट्या उरल्या, त्यात लाल चार. म्हणून ५/८ × ४/७ = २०/५६ = ५/१४. दोन्ही वेळा गुणाकारच केला, पण दुसरा अपूर्णांक लिहिण्याआधी पिशवीत पुन्हा डोकावून पाहिलं. दोन गोट्या "एकदम" काढल्या असं लिहिलेलं असेल, तर ते "परत न ठेवता" सारखंच धरायचं.

"परस्पर अपवर्जी" आणि "स्वतंत्र" हे दोन शब्द एकच आहेत असं पुष्कळांना वाटतं. खरं तर ते जवळजवळ एकमेकांच्या उलट आहेत. स्वतंत्र म्हणजे एक घडल्याचं कळलं तरी दुसरीची संभाव्यता जिथल्या तिथे राहते. अपवर्जी म्हणजे एक घडल्याचं कळलं की दुसरीची संभाव्यता थेट शून्यावर येते. दोघींची संभाव्यता शून्याहून जास्त असेल, तर अपवर्जी घटना स्वतंत्र असूच शकत नाहीत. आणि स्वतंत्र या शब्दाचा अर्थ मनापासून पटला की आणखी एक गैरसमज गळून पडतो. पाच वेळा ओळीने छापा पडला म्हणून सहाव्यांदा काट्याची "पाळी" येत नाही. नाण्याला आधीचं काही आठवत नसतं.

"निदान एक" दिसलं की उलटं मोजा

एक युक्ती इतकी उपयोगी आहे की तिला वेगळी जागा द्यायला हवी. "निदान एक" असा प्रश्न आला की "एकही नाही" याची संभाव्यता काढा आणि १ मधून वजा करा.

१६५४ साली पास्कल आणि फेर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांत जो पत्रव्यवहार झाला, त्यातून संभाव्यतेच्या गणिताची पायाभरणी झाली असं मानतात. त्या पत्रांत शेवालिए द मेरे या गृहस्थाची एक तक्रार येते. एक फासा चार वेळा टाकला तर निदान एकदा ६ पडेल अशी पैज फायद्याची ठरते. मग दोन फासे चोवीस वेळा टाकले तर निदान एकदा जोडीने ६-६ पडेल, ही पैजही तशीच फायद्याची का ठरू नये? सहाला चार, तर छत्तीसला चोवीस. त्रैराशिक तर बरोबर बसतं.

उलटं मोजून बघा. चार वेळांत एकदाही ६ न पडण्याची संभाव्यता ५/६ × ५/६ × ५/६ × ५/६ = ६२५/१२९६. म्हणून निदान एक ६ पडण्याची ६७१/१२९६, सुमारे ०.५१८. निम्म्याहून जास्त. दुसऱ्या पैजेत ३५/३६ ला स्वतःशीच चोवीस वेळा गुणायचं आणि १ मधून वजा करायचं. कॅल्क्युलेटरवर सुमारे ०.४९१ येतात. निम्म्याहून कमी! संभाव्यता त्रैराशिकाने वाढत नाही. चार वेळा फासा टाकला म्हणून ४ × १/६ असं उत्तर लिहिणारे विद्यार्थी आजही भेटतात. त्यांना मी एकच प्रश्न विचारते: मग सात वेळा टाकला तर ७/६ येईल, ते चालेल का?

पायरी ४: क्रमाने फरक पडतो का?

मोजायच्या निष्पत्ती फार झाल्या की यादी करणं शक्य नसतं. तेव्हा एकच प्रश्न विचारायचा: क्रम बदलला तर ती वेगळी निवड होते का? दहा जणांतून एक अध्यक्ष आणि एक सचिव निवडायचा तर १० × ९ = ९० तऱ्हा. दोघांची समिती निवडायची, पदं नाहीत, तर प्रत्येक जोडी दोनदा मोजली गेली. म्हणून ९० ÷ २ = ४५. शंका आली तर दहाऐवजी तीन जण घ्या आणि सगळ्या जोड्या लिहून काढा. लहान आकड्यांवर बरोबर ठरलेली पद्धत मोठ्या आकड्यांवर विश्वासाने वापरता येते.

हाच प्रश्न द्विपद वितरणाच्या गणितातही येतो, म्हणजे तोच प्रयोग ठरावीक वेळा केला तर हवी ती गोष्ट किती वेळा घडेल अशा गणितात, फक्त वेष बदलून. फासा सहा वेळा टाकला, नेमकं एकदाच ६ पडण्याची संभाव्यता किती? बरेच जण १/६ गुणिले ५/६ चा पाचवा घात लिहून थांबतात. ते उत्तर "पहिल्याच वेळी ६ आणि मग पाच वेळा दुसरं काही" याचं झालं. तो ६ पहिल्या, दुसऱ्या, अगदी सहाव्या वेळीही पडू शकतो, म्हणजे जागा सहा. सहाने गुणलं की उत्तर येतं ३१२५/७७७६, सुमारे ०.४०२. म्हणजे सहा वेळा फासा टाकला की एकदा ६ येणारच असं वाटत असलं तरी नेमकं एकदाच येण्याची शक्यता निम्म्याहूनही कमी आहे.

पायरी ५: "माहीत असताना" म्हणजे भाजक बदला

सशर्त संभाव्यतेचं नाव ऐकून पुष्कळ जण बिचकतात. कल्पना साधी आहे. काहीतरी माहिती मिळाली की नमुना अवकाश आक्रसतो. जे आता शक्यच नाही ते खोडून टाकायचं आणि उरलेल्यातच मोजायचं. पत्ता चित्राचा आहे असं कळलं तर ५२ विसरा. आता फक्त १२ पत्ते आहेत आणि त्यात राजे ४. उत्तर १/३.

याच पायरीवर बेझचा सिद्धान्त येतो. थॉमस बेझ १७६१ मध्ये वारला आणि त्याचा निबंध १७६३ मध्ये त्याचा मित्र रिचर्ड प्राइस याने प्रसिद्ध करवला. सूत्र जरा लांबलचक आहे आणि परीक्षेच्या घाईत उलटसुलट होतं. माझा आग्रह असा, की सुरुवातीला सूत्र बाजूला ठेवा आणि टक्क्यांऐवजी माणसं मोजा.

समजा एका आजाराचं प्रमाण लोकसंख्येत २ टक्के आहे. चाचणी आजारी माणसांपैकी ९५ टक्के जणांना बरोबर पकडते. निरोगी माणसांपैकी ५ टक्के जणांनाही ती चुकून आजारी ठरवते. एकाची चाचणी पॉझिटिव्ह आली. त्याला खरोखर आजार असण्याची संभाव्यता किती? मनात पटकन ९५ टक्के येतं. थांबा, १०,००० माणसं घ्या.

त्यांपैकी आजारी २ टक्के, म्हणजे २००. त्यातले ९५ टक्के, म्हणजे १९० जण पॉझिटिव्ह. निरोगी ९,८००. त्यातले ५ टक्के, म्हणजे ४९० जण पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह १९० + ४९० = ६८०. त्यांच्यात खरे आजारी १९०. उत्तर १९०/६८०, सुमारे २८ टक्के.

९५ वरून २८! चाचणी वाईट नाही. निरोगी माणसंच इतकी जास्त आहेत, की त्यांच्यातला छोटा टक्काही आजारी लोकांच्या मोठ्या टक्क्याला भारी पडतो. "आजार असताना पॉझिटिव्ह" आणि "पॉझिटिव्ह असताना आजार" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत भाजक २०० आहे, दुसरीत ६८०. असं गणित आलं की दोन ओळी, दोन स्तंभांचा चौकट-तक्ता काढा. ओळींना आजारी आणि निरोगी, स्तंभांना पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह असं लिहा, माणसं भरा आणि बेरजा करा. अशी आठ-दहा गणितं सोडवून झाल्यावर बेझचं सूत्र उघडून बघा. तुम्ही जे हाताने करत होता तेच त्यात लिहिलेलं दिसेल.

पायरी ६: आकड्यांची माहिती समोर आली की आधी ती क्रमाने लावा

आता संख्याशास्त्राच्या बाजूला वळू. ४, ३५, ५, ७, ५, ८, ६ अशी माहिती दिली आहे. मध्य, म्हणजे सरासरी: बेरीज ७०, संख्या ७, म्हणून १०. मध्यक काढण्याआधी चढत्या क्रमाने लावा: ४, ५, ५, ६, ७, ८, ३५. मधली संख्या ६. बहुलक, म्हणजे सगळ्यांत जास्त वेळा आलेली, ५. क्रमाने न लावता मधली संख्या उचलली तर ७ येते, आणि हे उत्तरपत्रिकेत फार वेळा दिसतं. संख्या सम असतील तर मधल्या दोघींची सरासरी घ्यायची.

सातपैकी सहा संख्या सरासरीपेक्षा लहान आहेत, हे बघितलंत? एकट्या ३५ ने सरासरीला आपल्याकडे ओढून नेलं, मध्यक जागचा हलला नाही. "सर्वसाधारण" किंमत सांगायची असेल आणि माहितीत एखादी टोकाची संख्या असेल, तर मध्यकावर जास्त भरवसा ठेवा.

प्रमाण विचलन हे संख्या मध्यापासून किती पसरल्या आहेत याचं माप. ते एकदा तरी कॅल्क्युलेटरच्या तयार बटणाशिवाय काढा, म्हणजे ते काय मोजतं हे कळेल. ३, ७, ७, ८, १० घ्या. मध्य ३५ ÷ ५ = ७. प्रत्येक संख्येतून मध्य वजा केला: −४, ०, ०, १, ३. इथे थांबून बेरीज करा, ती शून्यच यायला हवी. आली नाही तर मध्य चुकला आहे. पुढे जाऊ नका. बेरीज नेहमी शून्य येते म्हणूनच वर्ग करावे लागतात: १६, ०, ०, १, ९, बेरीज २६. भागिले ५ केलं तर प्रचरण ५.२ आणि त्याचं वर्गमूळ सुमारे २.२८. हे झालं प्रमाण विचलन.

भागिले ५ की भागिले ४, हा प्रश्न सगळ्यांनाच छळतो. तुमच्याकडे ज्यांच्याबद्दल बोलायचं ते सगळेच असतील, म्हणजे पूर्ण समष्टी असेल, तर ५. हे पाच म्हणजे मोठ्या समष्टीतून काढलेला नमुना असेल आणि त्यावरून समष्टीचा अंदाज करायचा असेल, तर ४. मग २६ ÷ ४ = ६.५, वर्गमूळ सुमारे २.५५. कारण असं, की समष्टीचा खरा मध्य आपल्याला ठाऊक नसतो, आपण नमुन्याच्याच मध्यापासून अंतर मोजतो. नमुन्याचा मध्य हा त्या पाच संख्यांना सगळ्यांत जवळचा बिंदू. दुसऱ्या कुठल्याही बिंदूपासून मोजलं तर वर्गांची बेरीज २६ पेक्षा मोठीच येते. म्हणजे २६ हा आकडा मुळातच थोडा कमी पडतो, आणि लहान संख्येने भागून ती कसर भरून काढायची. कॅल्क्युलेटरवर आणि स्प्रेडशीटमध्ये या दोन्हींसाठी वेगवेगळी बटणं किंवा फंक्शन असतात. ३, ७, ७, ८, १० टाकून बघा: २.२८ देणारं कोणतं आणि २.५५ देणारं कोणतं, हे एकदाच शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पायरी ७: घंटेच्या आकाराची वक्ररेषा काढल्याशिवाय कोष्टक उघडू नका

प्रसामान्य वितरणात, म्हणजे घंटेच्या आकाराची वक्ररेषा देणाऱ्या वितरणात, सुमारे ६८ टक्के माहिती मध्यापासून एका प्रमाण विचलनाच्या आत असते, ९५ टक्के दोनच्या आत आणि ९९.७ टक्के तीनच्या आत. हे तीन आकडे तोंडपाठ हवेत, कारण कोष्टक बघण्याआधीच त्यांच्यावरून अंदाज बांधता येतो.

समजा एका गटात उंचीचा मध्य १६० सेंटिमीटर, प्रमाण विचलन ८, आणि वितरण प्रसामान्य आहे. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या एकाची उंची १६४ पेक्षा जास्त असण्याची संभाव्यता? वक्ररेषा काढा, मध्ये १६० लिहा, उजवीकडे १६४ ला उभी रेघ मारा, तिच्या उजवीकडचा भाग रंगवा. रंगवलेला भाग निम्म्यापेक्षा कमी दिसतोय ना? उत्तर ०.५ पेक्षा कमी यायला हवं. आता प्रमाणित अंक, म्हणजे १६४ हे मध्यापासून किती प्रमाण विचलनं दूर आहे: (१६४ − १६०) ÷ ८ = ०.५. काही कोष्टकं डावीकडचं संपूर्ण क्षेत्रफळ देतात, त्यात ०.६९१५ सापडेल, काही मध्यापासूनचं देतात, त्यात ०.१९१५. पहिल्यात १ मधून वजा करा, दुसऱ्यात ०.५ मधून. दोन्हीकडून उत्तर ०.३०८५. चित्र समोर असेल तर काय कशातून वजा करायचं हे पाठ करावं लागत नाही.

आता एक शब्द बदलते. याच गटातून १६ जण निवडले. त्यांच्या उंचीची सरासरी १६४ पेक्षा जास्त असण्याची संभाव्यता? सरासरी एकेका माणसाइतकी हेलकावत नाही. तिचं प्रमाण विचलन ८ ÷ √१६ = २. प्रमाणित अंक ४ ÷ २ = २, उत्तर सुमारे ०.०२२८. कुठे ३१ टक्के आणि कुठे सव्वादोन! गणितात "एकाची" लिहिलंय की "सरासरी" लिहिलंय, हे पहिल्या पायरीच्या त्या तीन ओळींत उतरलंच पाहिजे.

पायरी ८: उत्तर आल्यावर दोन मिनिटं द्या

संभाव्यता ० ते १ च्या बाहेर गेली तर चूक आहे, प्रमाण विचलन ऋण आलं तर चूक आहे, मध्य सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठ्या संख्येच्या मध्ये नसेल तर चूक आहे. समष्टीचं प्रमाण विचलन कमाल-किमान फरकाच्या निम्म्याहून मोठं असू शकत नाही. वरच्या उदाहरणात फरक ७, निम्मे ३.५, आणि आपलं २.२८ त्यात बसतं.

तरीही उत्तर पटत नसेल तर प्रयोग करा. स्प्रेडशीटमध्ये यादृच्छिक संख्या देणारं फंक्शन असतं. त्यातून १०,००० वेळा "फासे टाका" आणि मोजा. फक्त थोड्या प्रयोगांवरून निकाल देऊ नका. नाणं १०० वेळा उडवलं तर छाप्यांचं प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास ५ टक्क्यांच्या प्रमाण विचलनाने हलतं, म्हणजे ४२ किंवा ५८ छापे आले तर नवल नाही. १०,००० वेळा उडवलं तर ते हलणं अर्ध्या टक्क्यावर येतं. गॅलिलिओच्या ९ आणि १० मधला फरक एक टक्क्याहूनही कमी, म्हणजे नाजूकच. तो स्पष्ट दिसायला लाख वेळा तरी फासे टाका.

चुकलेल्या गणितांची एक वेगळी वही ठेवा, पण त्यात बरोबर उत्तर उतरवून काढू नका. चूक कुठे झाली ते एका वाक्यात लिहा: "शून्य विसरले", "परत न ठेवता होतं", "भाजक बदलला नाही". महिनाभराने वाचलं की तुमच्या दोन-तीन ठरलेल्या चुका उघड दिसतात, आणि त्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात.

आता हे एक गणित स्वतः करून बघा. खालचं उत्तर लगेच वाचू नका.

५२ पत्त्यांच्या कॅटमधून एकामागून एक दोन पत्ते काढले, परत न ठेवता. (क) पहिला पत्ता एक्का आहे असं माहीत आहे. दोन्ही एक्के असण्याची संभाव्यता किती? (ख) दोनपैकी निदान एक एक्का आहे एवढंच माहीत आहे. दोन्ही एक्के असण्याची संभाव्यता किती?

दोन्हींचं उत्तर सारखंच यायला हवं, असं वाटतं. मोजू. क्रमासह एकूण निष्पत्ती ५२ × ५१ = २,६५२. दोन्ही एक्के: ४ × ३ = १२. (क) मध्ये माहितीनंतर उरलेल्या निष्पत्ती ४ × ५१ = २०४, म्हणून १२/२०४ = १/१७. (ख) मध्ये उलटं मोजा: एकही एक्का नसलेल्या ४८ × ४७ = २,२५६, म्हणून निदान एक असलेल्या २,६५२ − २,२५६ = ३९६, आणि उत्तर १२/३९६ = १/३३. वर तेच १२, खाली मात्र एकदा २०४ आणि एकदा ३९६. पहिला पत्ता एक्का नसलेला आणि दुसरा पत्ता एक्का, अशा १९२ निष्पत्ती (ख) मध्ये जास्तीच्या आल्या.